गेल्या गिऱ्हाइकांची साळुंकी

एका राज्यात, वेशीच्या आतल्या अंगाला, एक भट्टी व्हती. राज्याचं नाव इचारू नका, त्यानं गोष्टीत काय भर पडत न्हाई. भट्टी तुळाजी भडभुंजाची. त्येच्या बापाची व्हती, आज्याची व्हती, आन् आज्याच्या हातनं पेटलेला जाळ कुनी कंदी इझू दिला न्हवता. निजताना निखारा राखंत पुरायचा, उठल्यावर उकरायचा, फुंकर मारायची, की भट्टी जागी. वर लोखंडाची काहील, काहिलीत वाळू, वाळूत ज्वारी. झारा फिरला की लाह्या अशा फुटायच्या की वेशीवरची कबुतरं उडायची.

तुळाजी हाताचा पक्का, तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईक म्हनलं, फुटाने जरा खरपूस दे, तर ह्यो म्हनायचा, तूच बस हितं धगीला, मी ऱ्हातो तुझ्या जागी उभा. तरी लोक यायचे. कारन माप भरलं की त्यो वरनं एक मूठ टाकायचा. ती वरची मूठ त्येनं कंदी कुनाला चुकवली न्हाई. बायको भागू चाळन धरायची, वाळू खाली पाडायची, लाह्या वर ठेवायची. दोघांचं पोट भरायचं, आन् दाराशी आलेल्या गोसाव्याला पसाभर उरायचं. एवढं ज्येला हाय त्येनं देवाला हात जोडावा आन् गप निजावं. पन मानूस गप निजत न्हाई.

त्या राज्याची एक चाल व्हती. डोंगराच्या पोटात एक नाग ऱ्हायचा. एवढा थोरला, की त्येच्या वेटोळ्याला टेकून अख्खं तळं थोपलं व्हतं. नाग हलला तर तळं गावावर. म्हनून पंचमीच्या सकाळी राजा सोता डोक्यावर टोपली घेऊन त्येला पहिल्या घान्याच्या लाह्या न्यायचा. लाह्या खाऊन नाग कूस बदलायचा न्हाई, वरीसभर निजायचा. त्या लाह्या भाजायचा मान तुळाजीच्या भट्टीचा.

मंग काय झालं, वेशीच्या पल्याड सोनबा हलवायानं दुकान मांडलं. तांब्याची भांडी, डोक्यावर छत, पाटावर बसून माप. तुळाजीच्या डोक्यात किडा शिरला. भाजता भाजता त्येची मान वेशीकडं वळायची. माझ्याकडचं कोन तिकडं जातंय, एवढंच.

त्याच सुमाराला करालनाथ मांत्रिक त्या वाटेनं आला. करालनाथाचा काळा कोट डोंगरापल्याड व्हता. त्या कोटात जिकडं बघावं तिकडं दिवे, आन् ते तेलावर जळत न्हवते, मानसाच्या हळहळीवर जळत व्हते. कुनी उसासा टाकला की तिकडं एक दिवा पेटला. करालनाथाच्या हातात पिंजरा, पिंजऱ्यात साळुंकी. तुळाजीनं इचारलं, "हिचं मोल काय?"

"पसाभर लाह्या," मांत्रिक म्हनला.

"आन् करती काय?"

"दिवस मावळता विचार, आज कोण गेलं. तुझ्या दारावरून जे गेलं ते ती सांगेल. खोटं बोलणार नाही."

जगात कुठल्या दुकानदारानं न्हाई म्हनलं असतं? तुळाजीनं पसाभर लाह्या मोजून दिल्या, वरची मूठ बी दिली, आन् पिंजरा भट्टीच्या खुंटीला टांगला.

दिस मावळला. तुळाजीनं इचारलं, "आज कोन गेलं?"

साळुंकीनं मानसाच्या बोलीत सांगितलं, "सोनाराची सून सोनबाकडे गेली. वेशीवरचा पहारेकरी तुझ्या दाराशी थांबला, काही न घेता गेला. कुंभाराची म्हातारी दोनदा येऊन गेली, पदराची गाठ सोडली नाही."

तुळाजीनं एक उसासा टाकला. कोटात एक दिवा पेटला.

दुसऱ्या दिशी सोनाराची सून फुटाने घ्यायला आली तर ह्यो म्हनतो, काय वैनी, आज वाट चुकलात जनू, तांब्याची भांडी पल्याड हायती. ती बिचारी पदर सावरून निघून गेली. पहारेकऱ्याला म्हनला, उभं ऱ्हायला पैसं पडत्यात. कुंभाराची म्हातारी लांबनं दिसली की त्यो पाठ फिरवायचा. वरची मूठ बंद केली. फुकट खाऊन पल्याड जायचं आन् मी मुठी भरायच्या, असं म्हनला. मला इचाराल तर त्या दिशी त्येच्या कानाखाली कुनीतरी वाजवाय पायजे व्हती, पन त्येच्या अंगाला हात लावील असा मानूस गावात न्हवता.

साळुंकीची यादी रोज लांबत गेली. भागूनं एकदा सांगून बघितलं. "आवो, गिऱ्हाईक म्होरं उभं असतंय आन् तुमी त्येच्या खांद्यावरनं वेशीकडं बघता." तुळाजी तिच्यावरच खेकसला. तिनं चाळन भिंतीला लावली आन् घरात गेली.

आन् मंग एका सकाळी तुळाजीनं राख उकरली तर निखारा लालबुंद, पन थंड. हात घातला तरी चटका लागंना. फुंकर मारली तर अजून लाल झाला, आन् अजून थंड. काहिलीत वाळू टाकली, वाळूत ज्वारी टाकली. सारं गनंग. एक दाना फुटंना.

गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा सोमकेतू भला मानूस, पन हसायचा न्हाई. त्येची धाकटी बहीन कनकलेखा लहानपनी बागेतनं नाहीशी झाली, तवापासनं त्येचं तोंड तसंच. त्यो सोता भट्टीवर आला. निखाऱ्यात बोट घालून बघितलं.

"तुळाजी," राजा म्हनला, "पंचमी तोंडावर आहे. नाग लाह्यांसाठी जागा होतो. तुझ्या आजोबांनी हा मान मिळवला, म्हणून पंचमीच्या सकाळपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर ही भट्टी मोडावी लागेल, जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मला गाव वाचवायचं आहे."

राजाचं काय चुकलं? काय न्हाई. पन तुळाजीच्या पायाखालची जमीन सरकली. भट्टी म्हंजे त्येचं घर, दार, बाप, आजा, सगळं तेवढंच. त्या दिशी त्येला उमगलं की पिंजरा आल्यापासनंच ह्यो खेळ सुरू झाला. त्येनं पिंजरा उचलला आन् काळ्या कोटाची वाट धरली. भागूनं वाटेला फुटाने बांधून दिले, राग आला व्हता तरी दिले.

कोटात दिव्यांचा उजेड व्हता, पन ऊब न्हवती. तुळाजीनं पिंजरा करालनाथाच्या म्होरं आपटला. "तुझं पाखरू घे, माझी धग दे."

मांत्रिक म्हनला, "धग तू आपल्या तोंडाने दिलीस. ती उसाशांनी आली, मागितल्याने परत जाणार नाही. तीन कामं कर, मग जाईल. चुकलास तर कायमची माझी. आणि साळुंकी तुझ्या संगती राहील."

"सांग."

"कोटामागे एक बाजार भरतो. तुझ्या दारावरून न घेता गेलेले सगळे तिथे असतात. त्या बाजारात एक माप फुटाणे विकून ये."

तुळाजी बाजारात गेला. मानसं म्हंजे नुसती जत्रा. जो जो कंदी त्येच्या दारावरनं पुढं गेला त्यो तिथं. टोपी घातलेले, पागोटी बांधलेले, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया. तुळाजीनं हाळी दिली. कुनी वळंना. भाव पाडला. वळंना. मागं पळत जाऊन एकाचा हात धरला, तर हात धुरासारखा मुठीतनं निसटला. पिंजऱ्यातनं साळुंकी सांगतच व्हती, ह्यो अमका, ती तमकी, हा तुला मागे कंजूष म्हणाला. तुळाजीनं शिव्या दिल्या. धूर शिव्या ऐकत न्हाई. शेवटी त्यो घामाघूम होऊन खाली बसला, गाठोडं म्होरं टाकलं.

तवा त्येच्या म्होरं एक तळहात आला. सुपाएवढा. वर बघितलं तर एक राक्षस, हातात खराटा, त्या बाजाराचा झाडूवाला.

"फुटाणे देणार का?" राक्षस म्हनला. "मघापासून उभा आहे."

"मघापासनं? मला कसा दिसला न्हाईस? ताडाएवढा हायस."

"तू माझ्या बगलेतून पलीकडे बघत होतास."

तुळाजीनं गाठोडं सोडलं. माप भरलं, त्या तळहातावर ओतलं. आन् कुनी न सांगता त्येचा हात परत गाठोड्यात गेला, वरनं एक मूठ पडली. राक्षसानं फुटाने तोंडात टाकले, डोळे मिटले, आन् आपल्या बोटातली अंगठी काढून दिली. ती तुळाजीच्या मनगटात कडं म्हनून बसली. त्यासरशी सारा बाजार इरून गेला. उरला राक्षस, खराटा, आन् लांबपतुर मोकळं माळरान.

मांत्रिकानं कडं बघितलं आन् व्हट चावला. "दुसरं काम. डोंगरात शापित खजिना आहे. त्यातून जे तुझं असेल तेच आण."

गुहेच्या दाराशीच दगडाची मानसं उभी व्हती, समद्यांचे हात म्होरं. दुसऱ्याचं उचलाय गेले ते तसेच ऱ्हायले. आत सोन्याचे ढीग, मोत्यांच्या पाट्या. मधोमध एक काहील, नुसती सोन्याची, अंगनाएवढी. तिच्या काठावर कोरलं व्हतं, तुळाजी. आता मला सांगा, कोन मागं हटलं असतं? तुळाजीनं हात घातला. बोटांच्या पेरांचा दगड झाला. त्येनं हात ओढून घेतला. नाव कोरलं म्हनून वस्तू आपली व्हत नसती.

मंग त्यो गुहाभर हिंडला. कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, एक झारा उभा व्हता. काळा, वाकलेला. मुठीला लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. तुळाजीनं वळखला. त्येचाच झारा. सकाळी तर घरी व्हता. त्येनं मुठीवरनं हात फिरवला. वरची चिंधी हिरवी, ती भागूच्या सनाच्या लुगड्याची. तिच्या खाली निळी. निळीच्या खाली तांबडी, लग्नातली. दर साली एक चिंधी जळायची, आन् दर साली ती नवी गुंडाळायची, म्हंजे ह्येच्या हाताला चटका बसू नये. ह्येनं त्या मुठीकडं जन्मात बघितलं न्हवतं. हात भाजत न्हाई ह्येचं नवल बी कंदी वाटलं न्हवतं.

झारा उचलला, तशी बोटं मऊ पडली. डोळ्यातनं पानी आलं. त्यो म्हनला, वाळू गेली. गुहेत वाळू न्हवती.

मांत्रिकाचा आवाज आता चिरकला. "तिसरं काम. पंचमीच्या सकाळी आपली भट्टी पेटव. लाकूड घालायचं नाही, गोवरी घालायची नाही, चकमक झाडायची नाही."

"मंग पेटवू कशानं?"

"ते मला ठाऊक असतं तर मी दुसऱ्याच्या उसाशांवर जगलो असतो काय?"

एवढं एकच खरं त्यो सरळ बोलला.

पंचमी उजाडली. भट्टीम्होरं सारं गाव. राजा रिकामी टोपली घेऊन उभा. मागं भट्टी मोडायला पहारी घेतलेली मानसं. लांब डोंगरातनं गडगडल्यावानी आवाज येत व्हता, नाग जागा व्हत व्हता, आन् तळ्याच्या कडेचं पानी वघळून वाटंवर आलं व्हतं. तुळाजी भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसला. राख उकरली. लाल, थंड निखारा. फुंकर मारली. काय न्हाई. दुसरी मारली. मंग त्येचा पारा चढला. सोनबानं घात केला म्हनला, गावानं पाठ फिरवली म्हनला. जसजसं म्हनत गेला तसतसा निखारा काळा पडत गेला.

भागू जवळ येऊन बसली. तिनं नुसती चाळन मांडीवर घेतली, जनू आता लाह्या पडनारच हायती. तुळाजीनं तिच्याकडं बघितलं. मंग पिंजऱ्याकडं बघितलं. त्येचा आवाज खाली आला.

"साळुंके, मी तुला रोज काय इचारत व्हतो?"

"आज कोण गेलं."

"कंदी इचारलं का, कोन आलं?"

"नाही."

"आन् तुला ठावं हाय?"

साळुंकी दांडीवरनं म्होरं सरकली. मंग ती म्हनली, "ठाऊक आहे. पण मला कुणी विचारलंच नाही. या आधीही, कुठल्याच दारात नाही."

"मंग आता इचारतो. कोन आलं, सांग."

"सोनाराची सून सोनबाकडे पेढ्यांना गेली होती. तिथे पाहुणीने विचारलं, फुटाणे कुठले चांगले. तिने तुझं दार दाखवलं." भट्टीत एक ठिणगी उडाली.

"पहारेकरी घेत काहीच नव्हता. पहारा सुटला की तुझ्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. म्हणायचा, माणूस तोंडाचा तिखट आहे, पण ह्याच्या दाराशी थंडी येत नाही." दुसरी ठिणगी. गर्दीतला पहारेकरी खाली मान घालून उभा ऱ्हायला.

"कुंभाराच्या म्हातारीचा नातू रडायचा थांबत नसे. ती त्याला तुझ्या लाह्या फुटण्याचा आवाज ऐकवायला आणायची. आवाज ऐकला की तो झोपायचा. भट्टी थंड पडल्यापासून तो झोपला नाही." तुळाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सोनबा आपल्या गिऱ्हाइकांना सांगतो, चिवडा माझा, पण चुरमुरे तुळाजीचे. दुसऱ्याचे नरम पडतात."

आता ठिनग्या तडतडाय लागल्या. आन् तुळाजीचा बी गळा मोकळा झाला. त्यो म्हनला, थांब, एक मला बी ठावं हाय, तू यायच्या आधीचं. माझा बाप गेला त्या साली सुतक फिटलं तरी लोक भट्टीकडं यायला बिचकत व्हते. पहिली आली ती वाणगल्लीची गऊबाई. तोंडात एक दात न्हाई, आन् म्हनती, माप भर फुटाने दे. मी म्हनलं, म्हातारे, चावनार कशानं? म्हनली, तुला काय करायचंय, तू भाज. तिनं ते कुटून खाल्ले असतील न्हायतर कोंबड्यांना घातले असतील. पन त्या दिशी माझी भट्टी तिनं चालू केली. मी तिला हात बी जोडला न्हाई.

असं म्हनून त्येनं भट्टीलाच हात जोडले. भट्टीच्या पोटात जाळ धडपडला, पन वर येईना. साळुंकी म्हनली, "एक राहिलं आहे. सांगू?"

"सांग."

"भागूबाई परसात शेजारणीशी बोलल्या. शेजारीण म्हणाली, कसा संसार करतेस अशा माणसाशी. त्या म्हणाल्या, तोंडाने भाजतो खरा, पण पहिल्या घाण्यातली पहिली मूठ माझ्या हातावर दिल्याबिगर स्वतः दाणा तोंडात टाकत नाही. एवढ्या वर्षांत एक दिवस चुकला नाही."

तुळाजीनं भागूकडं बघितलं. ती चाळनीच्या भोकांकडं बघत व्हती. त्यो म्हनला, "भागू, त्या मुठीच्या चिंध्या मी बघितल्या."

"उशीर केलात," ती म्हनली.

भट्टी पेटली. लाकूड न्हाई, गोवरी न्हाई, जाळ माथ्याएवढा. काहील तापली, वाळू सळसळली. तुळाजीनं ज्वारी टाकली, झारा फिरवला, आन् पंचमीच्या लाह्या फुटल्या, पांढऱ्याशुभ्र, वेशीवरची कबुतरं सारी आभाळात. एक गनंग न्हाई. गर्दीत कुठंतरी एक पोर रडायचं थांबलं.

त्याच येळी डोंगरापल्याड काळ्या कोटातले दिवे भराभरा इझले. करालनाथाला आपल्याच कोटात दार सापडंना. अजून चाचपडत असंल, मला त्येची कीव येत न्हाई.

आन् पिंजऱ्यात साळुंकीच्या मानेवरनं पिसं गळाय लागली. पिंजऱ्याच्या काड्या उकलल्या. भट्टीम्होरं एक बाई उभी ऱ्हायली, राजाच्याच नाकाडोळ्यांची. करालनाथानं तिला बागेतनं उचलून पाखरू केलं व्हतं. कुनी तिला भलं इचारीपतुर तिची सुटका न्हवती. दारोदार ती गेली, आन् दारोदार लोकांनी तिला वाईटच इचारलं.

राजाच्या हातनं टोपली पडली. त्येनं धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. कनकलेखा म्हनली, "दादा, भूक लागली आहे."

तुळाजीनं घान्यातली पहिली मूठ भागूच्या हातावर दिली. भागूनं ती राजकन्येच्या वंजळीत ओतली. मंग राजाची टोपली भरली. राजा डोंगरात गेला, नागानं लाह्या खाल्ल्या, वेटोळं आवळलं आन् निजला. वाटंवरचं पानी मागं तळ्यात गेलं.

परतल्यावर राजानं तुळाजीला बोलावून सांगितलं, काय पायजे ते माग. गावाला वाटलं, आता ह्यो सोन्याची काहील मागनार. तुळाजी म्हनला, "महाराज, दोन मागन्या हायत. एक, सोनबाचं दुकान हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. त्येच्या चिवड्यावर माझे चुरमुरे खपत्यात. दुसरी, गऊबाई हयात न्हाई, पन तिची लेक हाय. तिला दरबारात बोलावून मला तिच्या पाया पडू द्या. घरी गेलो तर ती मला मागचं काढून झोडपंल."

राजा सोमकेतू हसला. लोकांनी राजाचे दात त्या दिशी बघितले.

भट्टी आपल्या चालीवर आली. वरची मूठ परत पडाय लागली. तुळाजीचं तोंड काय सुधारलं न्हाई, ते सुधारायचं नसतंच. एकदा दुपारच्याला भागूनं वेशीकडं बोट केलं. आवो, म्हनली, कोतवालाच्या मालकीनबाई पल्याड चालल्यात, हातात रिकामी पिशवी हाय.

तुळाजीनं मान वर केली न्हाई. त्येच्या म्होरं एक आजीबाई पदराची गाठ सोडत उभी व्हती.

"मला का सांगतीस?" त्यो म्हनला. "हितं आजी उभ्या हायती. चाळन धर."

त्या दाराशी जे आलं ते वंजळ भरून गेलं. ज्येनं ही गोष्ट ऐकली त्येच्या बी दाराशी कुनी ना कुनी येऊन उभं ऱ्हावो, आन् ते उभं असताना त्येला दिसो.